‘द डार्क साइड ऑफ द मून’ नेमका कुणी केला?

आज आपण एकाच अल्बमबद्दल बोलणार आहोत. लांबी साधारण ४३ मिनिटं, दोन बाजू, दहा तुकडे. बँड पिंक फ्लॉइड, अल्बम ‘द डार्क साइड ऑफ द मून’, साल १९७३. काळ्या कव्हरवर लोलक, एका बाजूनं पांढरा किरण आत जातोय, दुसऱ्या बाजूनं रंगांचा पट्टा बाहेर पडतोय, हे चित्र निदान टी-शर्टवर तरी तुम्ही पाहिलंच असेल. आता जरा हात वर करा बघू. हा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती जणांनी ऐकलाय? छान, निम्म्याहून जास्त हात आहेत. आणि कव्हरच्या आतला बारीक मजकूर किती जणांनी वाचलाय? हं. आता तीन-चारच उरले.

लाजायचं कारण नाही. आमच्या पिढीनं हा अल्बम कॅसेटवर ऐकला, तोही मित्राच्या मित्राकडून कॉपी करून. वर बॉलपेननं नाव लिहिलेलं, एवढंच. बारीक मजकूर आमच्यापर्यंत आलाच नाही.

आजचं व्याख्यान त्या मजकुराबद्दल आहे. त्यात लिहिलंय की निर्मिती पिंक फ्लॉइडची. म्हणजे बाहेरचा प्रोड्यूसर नाही, चौघांनी स्वतः केलेलं काम. आणि याच कामानं हा बँड जगभर पोचला. त्यामुळे या अल्बमची गोष्ट नेहमी अशी सांगितली जाते: कुणाचं ऐकू नका, आपल्या मनासारखं करा, जग आपोआप मागून येतं. आम्हीही बरीच वर्षं ती अशीच सांगत होतो. पुढे मूळ कव्हर हातात आलं, एकेक नाव वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की ही गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी आज सांगायचीय.

आधी शब्दाचा घोळ सोडवू

आपल्याकडे ‘निर्माता’ म्हटलं की पैसे घालणारा माणूस डोळ्यासमोर येतो. सिनेमाचा निर्माता, नाटकाचा निर्माता. रेकॉर्डच्या धंद्यातला प्रोड्यूसर म्हणजे तो नव्हे. गाणं कुठल्या लयीत घ्यायचं, पाच वेळा गायलंय त्यातलं कुठलं ठेवायचं, गिटार पुढे की आवाज पुढे, व्हायोलिनं हवीत की नकोत, कुठलं गाणं कुठल्या गाण्यानंतर, हे सगळं ठरवणारा माणूस म्हणजे प्रोड्यूसर. आपला संगीत संयोजक, ध्वनिमुद्रक आणि नाटकाचा तालीम मास्तर या तिघांना एकत्र केलं तर साधारण त्याच्या जवळ पोचता येईल. आणि शेवटचा ‘हो’ किंवा ‘नाही’ त्याचा.

१९६० च्या दशकात इंग्लंडच्या ईएमआय कंपनीत हा माणूस बहुतेक वेळा कंपनीच नेमायची. बीटल्सना जॉर्ज मार्टिन मिळाले ते असेच. पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम १९६७ मध्ये आला, त्याचा प्रोड्यूसर होता नॉर्मन स्मिथ. तो आधी बीटल्सचा ध्वनिमुद्रक होता. त्या वेळी बँडचा म्होरक्या होता सिड बॅरेट. १९६८ मध्ये त्याची मानसिक अवस्था ढासळली आणि तो बँडबाहेर गेला. मागे राहिले रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट, निक मेसन आणि नव्यानं आलेला डेव्हिड गिल्मर. पुढच्या दोन-तीन वर्षांत या चौघांनी स्टुडिओतला एकेक निर्णय हळूहळू स्वतःकडे घेतला. १९७१ च्या ‘मेडल’ अल्बमवर निर्माता म्हणून त्यांचंच नाव आहे. म्हणजे १९७३ मध्ये त्यांनी अचानक उडी मारली असं झालं नाही. हात आधी बसलेला होता.

रेकॉर्डिंगच्या आधी प्रयोग

१९७१ च्या शेवटी हे चौघं निक मेसनच्या लंडनमधल्या घरी जमले. वॉटर्सनं कल्पना मांडली की पुढचा सगळा अल्बम एकाच धाग्यावर ओवायचा. माणसाला आतून पोखरणाऱ्या गोष्टी कुठल्या? हातातून निसटणारा वेळ, पैसा, भांडणं, मरण आणि डोकं फिरण्याची भीती. शेवटच्या भीतीला त्यांच्यापुरता एक चेहरा होता, सिड बॅरेटचा.

आता इथे एक नीट समजून घेऊ. आज बहुतेक बँड आधी अल्बम करतात आणि मग तो घेऊन दौऱ्यावर जातात. यांनी उलट केलं. जानेवारी १९७२ मध्ये ब्रायटनला त्यांनी हे सगळं लोकांसमोर वाजवायला घेतलं. त्या रात्री ‘मनी’पर्यंत पोचले, यंत्रणेनं दगा दिला आणि तिथेच थांबावं लागलं. फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये पत्रकारांसमोर पूर्ण झालं. अल्बम बाजारात यायला तेव्हा वर्षभर अवकाश होता.

नाटकवाल्यांना हे सांगायला नको. पहिल्या प्रयोगाचं नाटक आणि पन्नासाव्या प्रयोगाचं नाटक यात किती फरक असतो! कुठे प्रेक्षक चुळबुळ करतात, कुठे शांत होतात, ते पाहून दोन ओळी कापल्या जातात, एक प्रवेश आवळला जातो. इथे तेच झालं. ‘ऑन द रन’च्या जागी सुरुवातीला गिटार आणि की-बोर्डची लांबलचक जुगलबंदी होती. स्टुडिओत ती काढून टाकली आणि तिथे सिंथेसायझरचा धावता नाद आला. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’च्या जागी ऑर्गन आणि धार्मिक प्रवचनांचे तुकडे होते. तेही गेलं. बाहेरचा प्रोड्यूसर नव्हता हे खरं, पण सांगणारं कुणीच नव्हतं असं नाही. वर्षभर प्रेक्षक सांगत होते.

सात मात्रांची टेप

ध्वनिमुद्रण झालं लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत, १९७२ च्या उन्हाळ्यापासून १९७३ च्या सुरुवातीपर्यंत, दौऱ्यांच्या मधेमधे. स्वतःची निर्मिती म्हणजे प्रत्यक्षात काय, हे ‘मनी’च्या सुरुवातीवरून चांगलं कळतं.

गाणं सुरू होण्याआधी नाण्यांचा खणखणाट, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याचा आवाज ऐकू येतो, आणि तो तालात येतो. मोजा माझ्याबरोबर. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. पुन्हा एक. सात. आपल्याला रूपकाची सवय आहे, त्यामुळे सातचं फारसं नवल वाटत नाही. हा रूपक नव्हे, ठेका वेगळा आहे. पण चारच्या हिशेबावर चालणाऱ्या रॉकच्या कानाला सात म्हणजे पाय अडखळण्यासारखंच होतं. गिटारचा एकल भाग आला की गाणं सातातून चारात जातं आणि ऐकणाऱ्याचा श्वास मोकळा होतो.

आता हे केलं कसं? संगणक नव्हता. वॉटर्सनं बायकोच्या मातीकामाच्या खोलीतल्या मोठ्या वाडग्यात नाणी टाकून आवाज टिपला. मग एकेका आवाजाची टेप पट्टीनं मोजून, सारख्या लांबीची कापून, एकापुढे एक चिकटवली. टोकं जोडून वेटोळं केलं. ते एवढं लांब झालं की मायक्रोफोनच्या स्टँडला वळसा घालून फिरवावं लागलं. कंपनीनं नेमलेला प्रोड्यूसर घड्याळाकडे बघत बसला असता तर या उद्योगाला कितपत वेळ मिळाला असता, कोण जाणे. इथे ‘हो’ म्हणणारे आणि टेप कापणारे हात एकच होते. स्वतः निर्मिती करण्याचा खरा फायदा हा.

आता बारीक मजकूर

पण टेप फिरवायला खोलीत आणखी माणसं होती. पहिलं नाव ॲलन पार्सन्स. स्टुडिओचा पगारी ध्वनिमुद्रक, वय पंचविशीच्या आत, पगार आठवड्याला ३५ पौंड. ‘टाइम’च्या सुरुवातीला सगळी घड्याळं एकदम वाजतात ना? ती पार्सन्सनं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन आधीच टिपून ठेवली होती, दुसऱ्याच एका प्रात्यक्षिकासाठी. त्यानं ती ऐकवली, बँडनं उचलली.

दुसरं नाव ख्रिस थॉमस. मिश्रणाच्या वेळी, म्हणजे सगळे वेगवेगळे आवाज एकत्र बसवायच्या वेळी, वॉटर्स आणि गिल्मरचं जमेना. वॉटर्सला सगळं कोरडं, स्पष्ट हवं होतं. गिल्मरला घुमणारं, एकमेकांत मिसळणारं. दोघंही मालक, मग निकाल कोण देणार? शेवटी तिसरा कान म्हणून थॉमसला बोलावलं. कव्हरवर त्याचं श्रेय आहे, मिश्रणावर देखरेख करणारा म्हणून. म्हणजे प्रोड्यूसर नको म्हणणाऱ्यांना ऐन मोक्याच्या क्षणी प्रोड्यूसरचंच एक काम करणारा माणूस बाहेरून आणावा लागला. आम्ही हे टोमणा म्हणून सांगत नाही. आपल्याला आपला निकाल देता येत नाही हे ओळखणं, हाही निर्मितीतला एक शहाणा निर्णयच होता.

तिसरी गोष्ट अधूनमधून येणाऱ्या बोलण्याची. वॉटर्सनं कार्डांवर प्रश्न लिहिले. तुम्ही शेवटचे हिंसक कधी झालात? मरणाची भीती वाटते का? अशा धाटणीचे. स्टुडिओत जो सापडेल त्याला बसवून उत्तरं टिपली. सामान उचलणारी माणसं, शेजारच्या स्टुडिओतले वादक, आणि स्टुडिओचा आयरिश दरवान जेरी ओड्रिस्कॉल. पॉल मॅकार्टनी तिथेच काम करत होता, त्यालाही विचारलं. त्याची उत्तरं फार सावध निघाली, ती वापरली नाहीत. दरवानाची वापरली. अल्बमच्या अगदी शेवटी हृदयाच्या ठोक्यांवर जो माणूस बोलतो, तो हा दरवान.

तीस पौंड

आणि आता ते नाव, ज्यासाठी आम्ही हे व्याख्यान घेतलं. क्लेअर टोरी.

जानेवारी १९७३. रिचर्ड राइटची पियानोची एक सुरावट तयार होती, पण तिच्यावर काय ठेवायचं ते कळत नव्हतं. पार्सन्सनं या गायिकेचं नाव सुचवलं. वय पंचविशीचं. रविवारी संध्याकाळी ती आली. शब्द नाहीत, सुरावट लिहिलेली नाही. सांगितलं एवढंच की मरणाबद्दल आहे, आणि शब्द वापरू नकोस. मग तिनं ठरवलं की आपण माणूस नाही, वाद्य आहोत असं समजून गायचं. दोन-अडीच टेक झाले. आपण फारच वाहवत गेलो असं वाटून तिनं माफी मागितली आणि घरी गेली. मोबदला ३० पौंड, रविवार म्हणून नेहमीच्या दुप्पट. ते गाणं वापरणार आहेत की नाही हेही तिला माहीत नव्हतं. पुढे दुकानात अल्बम दिसला, तिनं उघडून पाहिला, तेव्हा कळलं.

कव्हरवर गायिका म्हणून तिचं नाव होतं. रचनाकार म्हणून एकट्या राइटचं.

ही भानगड आपल्याकडच्या श्रोत्याला पटकन कळेल. समजा, बंदिश एकाची आहे. गाणारीनं त्यावर चार मिनिटं आलापी केली, प्रत्येक सूर तिथल्या तिथे सुचलेला. आता लोकांच्या लक्षात जे राहिलं ते रचलं कुणी? आपल्या मैफिलीत हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण विस्तार गाणाऱ्याचाच, हे गृहीतच असतं. पण रेकॉर्डच्या धंद्यात रचनाकाराला वर्षानुवर्षं पैसे मिळतात आणि बोलावलेल्या गायिकेला एकदाच. त्यामुळे तिथे हा प्रश्न भाताचा आणि भाकरीचा होतो.

टोरीनं ३१ वर्षं वाट पाहिली. २००४ मध्ये तिनं पिंक फ्लॉइड आणि ईएमआयवर दावा लावला. २००५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. रक्कम जाहीर झाली नाही, पण त्यानंतरच्या आवृत्त्यांवर राइटच्या नावाबरोबर गायनाची रचना क्लेअर टोरीची, असं छापलं जातं. कव्हरवरचा बारीक मजकूर बदलला. संगीतातला एक सूरही न बदलता अल्बम थोडा जास्त खरा झाला, असं आम्हाला वाटतं.

लोकांनी काय केलं?

फेब्रुवारी १९७३ च्या शेवटी लंडनच्या तारांगणात पत्रकारांना अल्बम ऐकवायचा कार्यक्रम ठेवला होता. चार कर्ण्यांतून ऐकवायचं मिश्रण वेळेत झालं नव्हतं, म्हणून बँडनं बहिष्कार टाकला. एकटा राइट गेला. बँडच्या चौघांचेही पुठ्ठ्याचे पुतळे उभे केले होते. लंडनच्या ‘मेलडी मेकर’मध्ये पहिल्या बाजूची टिंगल झाली आणि दुसऱ्या बाजूचं कौतुक. अमेरिकेच्या ‘रोलिंग स्टोन’नं बरं लिहिलं. म्हणजे समीक्षकांनी एकमुखानं डोक्यावर घेतलं, असं नव्हे.

खरी गंमत आकड्यांत आहे. इंग्लंडमध्ये हा बँड आधीच मोठा होता, १९७० चा ‘ॲटम हार्ट मदर’ तिथे पहिल्या क्रमांकावर गेला होता. अमेरिकेत मात्र तोच अल्बम ५५ वा, आणि ‘मेडल’ तर ७० वा. मग १९७३ च्या एप्रिलमध्ये ‘डार्क साइड’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर कसा पोचला? संगीत चांगलं होतं म्हणून, हे उत्तर अपुरं आहे.

या प्रश्नाचं मोठं उत्तर म्हणजे एक भारतीय माणूस, भास्कर मेनन. जन्म तिरुवनंतपुरमचा, शिक्षण ऑक्सफर्डचं. १९६० च्या दशकात ते ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे प्रमुख झाले. आपल्या घरात कुत्र्याचं चित्र असलेल्या ज्या तबकड्या होत्या, नाट्यगीतांच्या, भावगीतांच्या, त्या याच एचएमव्हीच्या. ती ईएमआयचीच भारतीय शाखा. १९७१ मध्ये मेनन ईएमआयच्या अमेरिकेतल्या कॅपिटॉल कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा ती मोठ्या तोट्यात होती. आधीच्या अल्बमसाठी कॅपिटॉलनं काही केलं नाही, अशी फ्लॉइडची तक्रार होती. इतकी की अमेरिकेपुरता पुढचा करार त्यांनी दुसऱ्याच कंपनीशी केला होता. तरीही मेनन यांनी या अल्बममागे कंपनीची सगळी ताकद लावली. जाहिराती, रेडिओ, आणि ‘मनी’ची छोटी रेकॉर्ड, जी अमेरिकेत १३ व्या क्रमांकापर्यंत गेली. निक मेसननं पुढे त्याचं श्रेय त्यांना मोकळेपणानं दिलं. बँडचा पुढचा अल्बम १९७५ मध्ये आला, तो अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं काढला.

पहिल्या क्रमांकावर हा अल्बम एकच आठवडा होता. पण १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकेच्या पहिल्या २०० अल्बमच्या यादीत तो एकूण ७४१ आठवडे राहिला. म्हणजे चौदा वर्षांहून जास्त. मेनन यांनी दार उघडलं. आत येऊन बसण्याचं काम अल्बमनं स्वतः केलं.

शेवटी एक प्रश्न

मागच्या रांगेतून चिठ्ठी आलीय: ‘मग निर्मिती पिंक फ्लॉइडची, हे वाक्य खोटं म्हणायचं का?’

नाही. ते खरं आहे, फक्त त्याचा अर्थ लहान आहे. निर्णय त्यांचे होते. दरवानाचा आवाज ठेवायचा आणि मॅकार्टनीचा नाही, हे ठरवायला हिंमत लागते. ती त्यांची. पण निर्णय हे एक खातं आहे आणि काम हे दुसरं. एका खात्याचं नाव दुसऱ्यावर लिहिलं की भांडण सुरू होतं. चौघांचंही तेच झालं. ‘टाइम’ या गाण्यावर रचनाकार म्हणून चौघांची नावं आहेत, आणि चौघांची एकत्र नावं असलेलं ते शेवटचं गाणं. १९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडला, नावाच्या हक्कावरून वकील लागले. २०२३ मध्ये त्यानं हा पूर्ण अल्बम बाकीच्यांना वगळून नव्यानं ध्वनिमुद्रित केला. मुद्दाम ऐका. शब्द तेच आहेत, सगळे त्याचेच. पण गिल्मरची गिटार नाही, राइटचे सूर नाहीत, टोरीचा आवाज नाही. मग मूळ अल्बममध्ये कुणाचं किती होतं, ते वेगळं सांगावं लागत नाही.

इथे बरीच तरुण मंडळी बसली आहेत. तुमच्यातले काही जण घरातल्या खोलीत, लॅपटॉपवर स्वतःची गाणी करतात. पाच दशकांपूर्वी जो हक्क मिळवायला चार अल्बम लागले, तो आज तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळतो. फार चांगली गोष्ट आहे. फक्त ज्या मैत्रिणीनं येऊन एक आलाप दिला, ज्यानं ढोलकीचा एक तुकडा वाजवला, ज्यानं रात्री दोन वाजता मिश्रण ऐकून ‘आवाज दबतोय’ असं सांगितलं, त्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा. आणि कशासाठी किती, तेही आधी बोला. आपल्या जुन्या तबकड्यांवर गायक, कवी, संगीतकार यांची नावं असायची. व्हायोलिन कुणी वाजवलं, संयोजन कुणी केलं, हे शोधायला आज अभ्यासकांना म्हाताऱ्या वादकांची दारं ठोठवावी लागतात. बरेच वादक तर आता राहिलेही नाहीत.

बरं. आता अल्बम लावतो. पहिली बाजू १९ मिनिटांच्या आसपास आहे, मधे कुणी उठू नका. शेवटच्या तुकड्यात पियानोनंतर जो आवाज येईल, त्याचं नाव आता तुम्हाला माहीत आहे.